कित्ता किती द्यावा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मुलींसाठी मी संध्याकाळी जो ऑनलाइन वर्ग घेते, त्याविषयी चार शब्द सांगावेत अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. त्या वर्गाबद्दलची एक तक्रारही माझ्या कानावर आली आहे. "बाई अर्धे काम स्वतःच करून देतात, मग मुली शिकणार काय?" प्रश्न रास्त आहे, म्हणून आज त्याविषयीच बोलते.

वर्गात आम्ही टिंकरकॅड वापरतो. पडद्यावर ठोकळे, नळकांडी, गोळे मांडून वस्तू घडवायची, असे हे ऑटोडेस्क कंपनीचे साधन. त्याला पैसे पडत नाहीत. मी वर्गाचा संकेतांक देते. तो आणि ठरवून दिलेले टोपणनाव घातले की मुलगी आत येते. तिला स्वतःचा ईमेल लागत नाही, आणि लहान मुलींच्या बाबतीत मला हे फार मोलाचे वाटते.

पाठाबरोबर मी एक सुरुवातीची फाइल ठेवते. आपण लहानपणी अक्षरांचा कित्ता गिरवला ना, तसाच हा समजा. मुलगी त्यावर कामाला लागली की तिची स्वतंत्र प्रत होते. तिने कितीही मोडतोड केली तरी माझा मूळ कित्ता शाबूत राहतो. ही गोष्ट वाटते तितकी क्षुल्लक नाही. दुसऱ्या एका वर्गात (तो माझा नव्हे) गूगल क्लासरूममधून सगळ्यांना एकच फाइल बदल करण्याच्या परवानगीसह दिली गेली. एकीने पुसले ते सगळ्यांचेच पुसले गेले, आणि तासभर नुसते रडे! तिथे 'प्रत्येकीला वेगळी प्रत' अशी सोय आहे. पण ती गृहपाठ धाडण्यापूर्वीच निवडावी लागते, नंतर नाही.

आता अर्धे का द्यायचे? आमचा पहिला पाठ किल्ल्यांना लावायच्या चकतीचा. मी साठ मिलिमीटर लांब, वीस रुंद आणि तीन जाड अशी पट्टी देते आणि शेजारी एक बारीक नळकांडे ठेवते. भोक मात्र पाडून देत नाही. नळकांड्याला 'पोकळ' ठरवायचे, पट्टीत नेमके बसवायचे आणि दोघांना एकत्र जोडायचे. मगच भोक पडते. हे मुलीने स्वतः केले की तिचा चेहरा पाहावा! कोरा पडदा दिला तर नवखी मुलगी मापातच अडकते. जाडी अर्धा मिलिमीटर ठेवते. पडद्यावर छान दिसते, पण छापून निघाली की हातात टिकत नाही. भोकापर्यंत ती पोचतच नाही.

आपण तरी लेकीला पहिल्या दिवशी कणीक भिजवायला कुठे बसवतो? कणीक मळून, गोळा करून देतो आणि लाटणे तिच्या हाती देतो. पोळी नकाशासारखी होते, ती आपण कौतुकाने खातो. पण लाटूनही आपणच दिली, तर तिने काय, नुसती वाढायची? पूर्ण सजवलेली फाइल दिली की तसेच होते. मुली रंग बदलतात, बाकी साऱ्या चकत्या एकसारख्या. म्हणून नाव, वेल, नक्षी यांतले मी काहीच देत नाही. दुसऱ्या पाठाला आणखी कमी देते. तिसऱ्याला फक्त मापे लिहून देते आणि पडदा कोरा.

एक विनंती मात्र आहे. मुलींचे काम मला माझ्या पडद्यावर दिसते. मध्यंतरी एका चकतीवर रात्रीतून एकाएकी अतिशय सफाईदार वेल उमटली. चौकशी केली तेव्हा ती दादाची करामत निघाली. दादा हुशार आहे, त्याला मी स्वतंत्र वर्ग काढीन! पण बहिणीची वाकडी वेल मला हवी आहे.

आणि दुसरे. काही मुली आईच्या फोनवर काम करतात. एवढ्याशा पडद्यावर बोटाने आकार धरून ठेवणे फार जिकिरीचे, त्यातून आईला फोन आला की हातचे काम थांबते. कोणाच्या कपाटात चालू स्थितीतला जुना लॅपटॉप पडून असेल, तर तो मंडळाच्या खोलीत आणून द्यावा. शनिवारी दुपारी खोली रिकामी असते. किल्ली चिटणीसबाईंकडे आहे आणि मुलींजवळ बसायला मी येईन.