आधी बार उघडले, मग वाचनालय



ग्रंथालय कार्यकर्त्यांच्या सभेत अध्यक्षांनी आधी आभार मानायचे असतात. मानते. मला अध्यक्षपदासाठी ज्यांनी मतं दिली त्यांचे मानते, आणि ‘बाईंना नोंदवही लिहिता येते, भाषण येत नाही’ असा प्रचार ज्यांनी शहाडपासून बदलापूरपर्यंत केला त्यांचेही मानते. त्यांच्यामुळे काही कुंपणावरची मतं माझ्याकडे आली. हा माईक मला एकदाच मिळणार आहे. पुढच्या वर्षी इथे दुसरं कोणी असेल आणि मी खाली पंख्याखालची खुर्ची शोधत असेन.

संयोजकांनी विषय सुचवला होता ‘अभिजात मराठी आणि आपण’. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला, पेढे वाटून झाले, फोटो छापून आले. त्यावर बोलायला आपल्याकडे वक्त्यांची टंचाई नाही. मी ऑक्टोबरवरच बोलणार आहे, पण 2020 च्या.

‘पुन्हा तेच’ असं कोणीतरी मागे म्हणालं. ऐकलं मी. हो, पुन्हा तेच.

22 मार्च 2020 ला जनता कर्फ्यू झाला, 25 पासून कोविडची टाळेबंदी लागली. वाचनालयं बंद झाली. ते योग्यच होतं, त्याबद्दल माझं भांडण नाही. भांडण उघडण्याच्या क्रमाबद्दल आहे. 4 मे पासून दारूच्या दुकानांना परवानगी मिळाली आणि राज्यभर दुकानांपुढे रांगा लागल्या. 5 ऑक्टोबरला हॉटेलं आणि बार निम्म्या क्षमतेने सुरू झाले. वाचनालयांना परवानगी आली 15 ऑक्टोबरपासून, म्हणजे बारनंतर दहा दिवसांनी. आणि 15 ऑक्टोबर हा दिवस कोणता? वाचन प्रेरणा दिन! डॉ. कलामांची जयंती आपण 2015 पासून त्या नावाने साजरी करतो. मंत्रालयात कोणाला तरी विनोदबुद्धी होती, किंवा कोणी कॅलेंडर पाहिलंच नव्हतं. मला दुसरी शक्यता जास्त वाटते.

त्या दहा दिवसांचं एवढं काय, असं मला आपलेच लोक विचारतात. दहा दिवसांचं काही नाही हो. पण सरकारदरबारी आपली पायरी कोणती, ते त्या दहा दिवसांत लेखी कळलं. बारमध्ये मास्क काढल्याशिवाय घोट घेता येत नाही. वाचायला तोंड उघडावं लागत नाही. एवढं साधं तर्कशास्त्र मांडायला त्या वेळी आपल्यातलं कोण पुढे आलं? जे स्वतःला ग्रंथालय चळवळीचे भीष्माचार्य म्हणवतात ते त्या सहा-सात महिन्यांत कुलपाची किल्ली घेऊन घरी बसले, आणि कुलूप निघाल्यावर शाल पांघरून ‘कोविड योद्धा’ची प्रमाणपत्रं घेऊन आले. नावं घेत नाही. प्रमाणपत्रं त्यांच्या बैठकीच्या खोलीत टांगलेली आहेत, जाऊन वाचा.

पुस्तकातून रोग पसरतो, असं तेव्हा सांगितलं गेलं. भीती खोटी नव्हती, पण ती तपासून पाहता येत होती आणि जगात ती तपासली गेली. अमेरिकेत ग्रंथालयांच्या संस्थांनी बॅटेल या संशोधन संस्थेकडून चाचण्या करून घेतल्या. जून 2020 मध्ये निष्कर्ष आला की सुटी ठेवलेली पुस्तकं तीन दिवस बाजूला ठेवली तर त्यांच्यावर विषाणू सापडत नाही. पुढच्या चाचणीत दिसलं की एकावर एक रचलेल्या पुस्तकांवर तो सहा दिवसांनीही सापडतो. म्हणजे काय करायचं? गठ्ठे बांधायचे नाहीत, पुस्तकं सुटी उभी करायची. आमच्या खिडकीलगतच्या बाकावर मी परत आलेली पुस्तकं अशीच उघडी उभी करायचे आणि प्रत्येकात तारखेची चिठ्ठी खोचायचे. कपडे वाळत घातल्यासारखी ती दिसायची, आणि शेजारपाजारचे हसायचे.

हो, टाळेबंदीत मी घरोघरी पुस्तकं पोचवली. भाजीच्या पिशवीत खाली कादंबरी, वर मेथीची जुडी. एकदा रस्त्यावर अडवून पिशवी उघडायला लावली. ‘मेथी ठीक आहे, पुस्तकं कशाला?’ असा प्रश्न आला. भाजी अत्यावश्यक, पुस्तक नाही. अडवणाऱ्या माणसाचा मला राग नाही. त्याच्या हातातल्या यादीत पुस्तक हा शब्दच नव्हता, तो बिचारा काय करणार? यादी ज्यांनी केली आणि ज्यांनी ती वाचून गप्प बसणं पसंत केलं, त्यांच्याशी माझं भांडण आहे.

वाचनालय म्हणजे कादंबऱ्या बदलायचं ठिकाण एवढीच ज्यांची समजूत आहे त्यांना माझं म्हणणं पटणार नाही. 18 एप्रिल 2020 च्या आदेशाने घरोघरी वर्तमानपत्र टाकायला मनाई झाली. मग लोकांनी वाचलं काय? व्हॉट्सअ‍ॅप. कुठला काढा, कुठली वाफ, कोणत्या गल्लीत किती गेले. उल्हासनगरच्या याच कॅम्पात मध्यवर्ती रुग्णालय आहे. बाहेर फूटपाथवर नातेवाईक बसलेले असायचे आणि ‘खाट कुठे मिळेल’ हे चहावाल्याला विचारायचे. खात्रीची माहिती मोठ्या अक्षरांत लिहून दारावर लावणं, रोज बदलणं, फोनवर वाचून दाखवणं, हे आपलं काम होतं. मे 2020 मध्ये श्रमिक गाड्या सुटल्या तेव्हा कारखान्यांतली उत्तर प्रदेश-बिहारची पोरं अर्ज भरायला दारोदार फिरत होती. 1 मे 2021 पासून अठरा वर्षांवरच्यांना लस खुली झाली आणि नोंदणी फक्त ऑनलाइन. कोविन मराठीत यायला जून उजाडला. तोवर शिलाईकाम करणाऱ्या आमच्या बायका इंग्रजी पडद्यापुढे बसून ओटीपी म्हणजे काय ते शोधत होत्या. एक टेबल, एक संगणक, एक जाणता माणूस दारात बसवला असता तर? अमेरिकेत इमारत बंद असतानाही पुष्कळ वाचनालयांनी वाय-फाय चालू ठेवलं. लोक बाहेर गाडी लावून बेकारभत्त्याचे अर्ज भरायचे, मुलं गृहपाठ पाठवायची. आपल्याकडे पार्किंग नाही, पण पायरी तर आहे!

घरपोच पुस्तकांची तयार पद्धत आपल्या घरातच होती. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या विनायक रानडे यांनी 2009 पासून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ चालवलं आहे. पुस्तकांची पेटी एका गटाकडे ठेवायची, काही महिन्यांनी ती दुसऱ्या गटाकडे फिरवायची. प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक बॅरेकीत अशी एक पेटी गेली असती तर कोणाला दारात यावंही लागलं नसतं.  निवडणुकीत आमच्या बाजूच्या काही मोठ्या वाचनालयांनीही तेव्हा कुलूप लावलं होतं, हे मला माहीत आहे. त्यांच्या अडचणी वेगळ्या होत्या. तो विषय आज नको.

वाचनालय ही बसायची जागाही असते. मी बॅरेकीत वाढले. लष्कराच्या छावणीत सिंधी निर्वासित आले, राजगोपालाचारींनी 8 ऑगस्ट 1949 ला या वस्तीला उल्हासनगर नाव दिलं, आणि दोन पिढ्यांनंतरही आम्ही त्याच बॅरेकींना पार्टिशनं घालून राहत होतो. वडील सेंच्युरी रेयॉनच्या कारखान्यात. रात्रपाळी संपवून सकाळी ते घरी यायच्या आधी वाचनालयात जायचे, कारण घरात आठ माणसं उठून आवरत असायची. तिथे एकच लांब टेबल होतं. एका टोकाला मराठी पेपर, दुसऱ्या टोकाला सिंधी. सिंधी पेपर वाचणारे एक साईं होते, पांढरा लेंगा, कानाला दोरीने बांधलेला चष्मा. त्यांचा पेपर उजवीकडून उघडायचा आणि वडिलांचा डावीकडून. मधल्या जागेत दोघांची कोपरं लागायची. ‘साईं, जरा सरका’ यापलीकडे त्यांचं वर्षानुवर्षं काही बोलणं झालं नसावं. पण वडील एक दिवस आले नाहीत तर साईं संध्याकाळी दारात हजर. दहा बाय दहाच्या घरात राहणाऱ्या माणसाला बसायला, वाचायला, कोणाच्या तरी नजरेत असायला ती एक जागा होती. कोविडकाळात एमपीएससीची पूर्वपरीक्षा पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली, ती पोरं त्या वर्षभरात कुठे बसून अभ्यास करत होती? विचारलंत कोणी?

आणि साथीत ही पुस्तकांची, माहितीची सगळी कामं करायची कोणी? सर्वात खालच्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाला तेव्हा वर्षाचं अनुदान होतं तीस हजार. त्यातलं निम्मं पगाराला. बाराने भागा: महिन्याला साडेबाराशे रुपये. एवढ्यात आमचा सेवक झाडू मारायचा, पुस्तकं द्यायचा, नोंदवही लिहायचा. नोव्हेंबर 2022 मध्ये साठ टक्के वाढ जाहीर झाली तेव्हा हार घेऊन कोण पळालं, आठवा. त्या वाढीनंतर महिन्याला दोन हजार झाले.

म्हणून मी बारा महिने एकच रडगाणं गाते, ग्रंथालय उपकर. मद्रासने 1948 मध्ये रंगनाथनांच्या प्रयत्नाने कायदा केला, त्यात मालमत्ता करासोबत ग्रंथालयासाठी उपकर होता. कर्नाटकाच्या 1965 च्या कायद्यातही आहे. आपला कायदा 1967 चा, त्यात नाही. तुमचं घरपट्टीचं बिल काढून बघा. वृक्ष कर आहे. झाडांशी माझं वैर नाही, पण झाडाला मिळतं ते वाचकाला का नाही?

आजच्या बैठकीपुढे दोन ठराव आहेत. पुढच्या साथीत वाचनालयाची घरपोच सेवा आणि माहितीची खिडकी अत्यावश्यक सेवांच्या यादीत असावी, हा पहिला. ग्रंथालय उपकरासाठी राज्य सरकारने कायद्यात दुरुस्ती करावी, हा दुसरा. गेल्या वेळी अशाच ठरावाला इथे सर्वांनी टाळ्या वाजवल्या आणि बाहेर चहाच्या टपरीवर त्याची वाट लावली. ज्यांचा विरोध आहे त्यांनी आत्ता, इथे, उभं राहून नाव सांगून विरोध नोंदवावा. बाकीच्यांनी हात वर करा.