अमेरिकेचे कर्ज : कर आणि खर्च



एवढा श्रीमंत देश एवढा कर्जबाजारी कसा, असे दहावीची मुले मला विचारतात. आधी दोन शब्द वेगळे करू. एका वर्षात करांच्या उत्पन्नापेक्षा खर्च जास्त झाला की ती तूट. अशा तुटी साचत गेल्या की ते कर्ज. सरकार रोखे विकून ते उभारते.

१९८१ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी प्राप्तिकर कमी केला. सर्वांत वरचा दर ७० टक्क्यांवरून ५० वर आला. कर घटला की उद्योग वाढतील आणि तिजोरी आपोआप भरेल, असे त्यांचे पाठीराखे सांगत. उद्योग वाढलेही. पण संरक्षणाचा खर्चही वाढवला, आणि वृद्धांचे पेन्शन व औषधपाणी यांना हात लावायला पुढारी धजत नाहीत. मते जातात ना! पुढे काही कर पुन्हा वाढवले, तरी सुमारे १ लाख कोटी डॉलरचे कर्ज १९८९ पर्यंत जवळजवळ तिप्पट झाले.

उलट उदाहरणही आहे. १९९० व १९९३ मध्ये कर वाढवले, खर्चाला मर्यादा घातल्या, धंदाही तेजीत होता. १९९८ पासून सलग चार वर्षे शिल्लक पडली. मग पुन्हा करकपात, दोन युद्धे, २००८ ची मंदी, २०२० ची महासाथ.

२०२४ च्या आर्थिक वर्षात जमा सुमारे ४.९ लाख कोटी डॉलर, खर्च पावणेसात लाख कोटी. त्यांपैकी निव्वळ व्याजापोटी सुमारे ८८ हजार कोटी गेले. शाळांवरचा सोडाच, संरक्षणावरचा खर्चही त्याहून कमी होता.