तेम्प्लादो



शाळेंत मीं पुष्कळ वर्षें भूगोल शिकविला. दर वर्षीं 'समशीतोष्ण' हा शब्द फळ्यावर लिहावा व मुलांनीं तो वहींत उतरून घ्यावा, असा क्रम चाले. एकदां एका विद्यार्थ्यानें विचारलें, "गुरुजी, म्हणजे अर्धें ऊन आणि अर्धें थंड का?" मी 'होय' म्हणून पुढच्या धड्याकडे वळलों. तें उत्तर चुकलें होतें, हें निवृत्त झाल्यावर मला एका स्पॅनिश विशेषणानें शिकविलें.

तें विशेषण 'तेम्प्लादो'. नाम स्त्रीलिंगी असलें, कीं आपल्या 'चांगला-चांगली'प्रमाणें त्याचें 'तेम्प्लादा' होतें. मेक्सिको देशांत उंचीवरून भूमीचे तीन भाग मानतात. समुद्राकांठची ती उष्ण भूमि, उंच पठारावरची ती थंड भूमि, आणि मधली, सुमारें ३,००० ते ६,००० फूट उंचीची, ती 'तिएर्रा तेम्प्लादा'. वेराक्रुझ बंदराच्या उकाड्यांतून निघालेला प्रवासी साडेचार हजार फुटांच्या सुमारास हालापा शहरीं येतो. त्या बाजूस कॉफीचे मळे आहेत. कॉफीच्या झाडास किनाऱ्यावरचा उष्मा मानवत नाहीं आणि हिंवाचा कडाकाही सोसत नाहीं. त्याला पाहिजे तेवढीच ऊब येथें मिळते.

या शब्दाचें मूळ लॅटिन भाषेंत आहे. योग्य प्रमाणांत मिसळणें, आवरून धरणें, हा त्या मूळ धातूचा अर्थ. म्हणूनच स्पॅनिश माणूस कोमट पाण्यासही हेंच विशेषण लावतो. गिटारीच्या तारा सुरांत लावणें, यालाही याच धातूचें क्रियापद आहे. तोलेदो शहराच्या तरवारी प्रसिद्ध आहेत; तापवून पाण्यांत बुडविलेलें तसलें पोलाद तेंही तेम्प्लादो, आणि संकटांत शांतपणें उभा राहणारा शूर पुरुष तोही तेम्प्लादो! आपणही तरवारीस पाणी देतों आणि तेजस्वी मनुष्यास पाणीदार म्हणतों. दोन दूरच्या भाषांना लोहाराच्या भात्यापाशीं एकच गोष्ट सुचावी, याचें मला मोठें कौतुक वाटतें.

तंबोऱ्याची लागलेली तार अर्धी सैल व अर्धी ताणलेली नसते. ती सुरांत असते. हवेचेंही तसेंच आहे. समशीतोष्ण म्हणजे दोन टोकांची वाटणी नव्हे, तें प्रमाण आहे.

तो विद्यार्थी आज कोठें असेल, मला ठाऊक नाहीं. हें भाषण त्याच्या कानीं पडलें, तर त्यानें माझें तें 'होय' वहींतून खोडून टाकावें.