दुखतंय, हे सांगण्याचा हक्क

(महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझ्या आत्याबद्दल सांगते, त्यातूनच मुद्दा लक्षात येईल.

आत्याला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होता. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, "आता काही करण्यासारखं नाही, घरी न्या." हे ते तिच्या मुलाला म्हणाले. तिला कुणीच काही सांगितलं नाही. पुढचे तीन महिने ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. विचारलं की म्हणायची, "बरं आहे गं." रात्री पदराचा बोळा तोंडात धरायची, नातवंडांची झोप मोडू नये म्हणून. तेराव्याला आलेल्या बायका कौतुकानं म्हणाल्या, "किती सोसलं हो, पण कधी हूं की चूं केलं नाही!"

तेव्हा मलाही ते कौतुकच वाटलं. आज राग येतो. कारण तिचं दुखणं पुष्कळ कमी करता आलं असतं, आणि ते आम्हाला माहीतच नव्हतं.

आजार बरा होणार नाही, म्हणजे उपचार संपले असं नाही. दुखणं, धाप, उलट्या, जखमेची दुर्गंधी, मनातली भीती, या सगळ्यांवर काही ना काही करता येतं. त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. ती शेवटच्या आठवड्यातच घ्यायची असंही नाही. मूळ आजाराच्या उपचारांबरोबरच सुरू करता येते. आयुष्याच्या अखेरीला अशी सेवा जिथं मिळते, ते हॉस्पिस. लंडनमध्ये सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली असं हॉस्पिस उभं केलं. त्या आधी नर्स, मग समाजसेविका आणि मग डॉक्टर झाल्या. वेदना फक्त शरीराची नसते, मनाची, नात्यांची, श्रद्धेचीही असते, हे त्यांनी मांडलं. आपल्याकडे १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू झालं. हे देशातलं पहिलं हॉस्पिस. केरळात १९९३ साली कालिकतला काम सुरू झालं आणि पुढे गावोगावचे स्वयंसेवक नर्सबरोबर रुग्णांच्या घरी जाऊ लागले.

मॉर्फीनचं नाव काढलं की घरचे घाबरतात. "व्यसन लागेल," "यानंच जीव जाईल." कॅन्सरच्या तीव्र वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, योग्य मात्रेत दिलं तर ही भीती बाळगण्याचं कारण नाही. गोळी घड्याळाप्रमाणे द्यायची. दुखणं असह्य होईपर्यंत थांबायचं नाही. बद्धकोष्ठ होतो, म्हणून त्याचं औषधही सोबत घ्यायचं. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानंतर परवान्यांच्या जाचामुळे मॉर्फीन मिळणं फार अवघड झालं होतं. २०१४ च्या दुरुस्तीनं ते नियम सोपे केले. तरी आजही ते सगळीकडे मिळत नाही. म्हणून आपल्या सरकारी दवाखान्यात जाऊन विचारा, "इथं मॉर्फीन मिळतं का? नसेल तर का नाही?" एकीनं विचारलं तर टाळतील, दहाजणींनी विचारलं तर उत्तर द्यावं लागेल.

आणखी एक. आत्याचं सगळं कुणी केलं? सुनेनं. कूस बदलणं, अंग पुसणं, चादरी धुणं, वर घरचा स्वयंपाक. तिला एक रात्र सलग झोप मिळाली नाही आणि तिचं कौतुकही कुणी केलं नाही. घरी शुश्रूषा म्हणजे घरातल्या एका बाईनं झिजणं, असा अर्थ असेल तर तो आपल्याला मान्य नाही. मुलांनी, भावांनी, शेजाऱ्यांनीही पाळ्या लावायला हव्यात. सेवा करणारीलाही विसावा लागतो. पॅलिएटिव्ह केअरमध्ये तिचाही विचार होतो.

सोसणं हा आपल्याला लहानपणापासून शिकवलेला गुण आहे. आजारी बाईला तो फार महागात पडतो. तेव्हा आजपासून घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर "बरं आहे ना?" असं विचारू नका. त्याचं उत्तर "बरं आहे" असंच येतं. जवळ बसून विचारा, "कुठं दुखतंय? किती दुखतंय?" आणि ती सांगेल ते खरं माना.