धरणाला पैसा कुणाचा?
(पौड इथं केलेलं भाषण)



पौडात येऊन हा इजिप्तवर बोलणार म्हणून मागं कुणीतरी हसलं. हसा. पण इथनं वर मुळशीचं धरण आहे. १९२१ साली टाटांच्या त्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. धरण झालंच. वीज मुंबईला गेली. जमीन ज्याच्या नावावर, पैसा त्याला. ज्याच्या नावावर ढेकूळही नाही, त्यानं काय मागायचं? हे डोक्यात ठेवून आस्वानकडं चला.

नासरला नाईल नदीवर धरण पाहिजे होतं. अमेरिका, ब्रिटन आणि जागतिक बँक पैसा देणार होती. पण १९५५ साली त्यानं चेकोस्लोव्हाकियामार्फत रशियन हत्यारं घेतली, पुढं लाल चीनला मान्यता दिली. १९ जुलै १९५६ ला अमेरिकेनं हात वर केले. २६ जुलैला नासरनं सुएझ कालवाच सरकारजमा केला. म्हणाला, ह्याच्या कमाईतनं धरण बांधतो. ब्रिटन, फ्रान्स, इस्रायल चालून गेले आणि हात हलवत परतले. मी गोदीत ओझी उचलणारा माणूस. गोऱ्या मालकाच्या हातनं कालवा हिसकावलेला मला आवडतो, लपवत नाही.

१९५८ ला रशियानं कर्ज दिलं, १९७० ला धरण पुरं झालं. आणि गंमत अशी की मॉस्कोशी गळाभेट चालू असताना १९५९ पासून इजिप्तचे कम्युनिस्ट नासरच्याच तुरुंगात सडत होते. दोस्ती सरकारांची होती, कामगारांची नाय. पुढं सादातनं १९७२ ला रशियन लष्करी सल्लागार हाकलले आणि तो अमेरिकेच्या ओसरीवर जाऊन बसला.

ह्या सगळ्यात न्युबियन कुठं? काळी माणसं, स्वतःची भाषा, नाईलकाठची गावं. १९६३-६४ ला पन्नासेक हजार जणांना उचलून कोम ओम्बोला नेऊन टाकलं. त्याच वर्षांत अबू सिंबेलच्या दगडी राजांसाठी युनेस्कोनं जगभरनं पैसा जमवला. मूर्ती कापल्या, उंचावर नेऊन तशाच बसवल्या, तोंड पाण्याकडं. दगडाला नदी मिळाली. माणसाला सरकारी वसाहत.

२०१४ च्या घटनेत, कलम २३६ मध्ये, न्युबियनांना दहा वर्षांत मूळ मुलखात परत आणू असं लिहिलंय. घटनेतलं कलम कागदावर राहतं म्हणजे काय, ते तुम्हाला मी काय सांगणार! २०२४ ला दहा वर्षं सरली. त्याच वर्षी इजिप्त रशिया-चीनच्या ब्रिक्स गटात शिरला, अमेरिकेची लष्करी मदतही घेत राहिला. न्युबियनांच्या वसाहती अजून कोम ओम्बोलाच आहेत.