हात तेच, हत्यार नवे

(कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



खंडेनवमीला भोसरी, पिंपरी, चाकणच्या कारखान्यांत यंत्रे थांबतात. लेथला झेंडूची माळ पडते, पान्या-पकडींवर हळदीकुंकू वाहिले जाते. जे हत्यार अन्न देते, त्यात देव पाहण्याची ही परंपरा आहे. भारतीय मजदूर संघ १७ सप्टेंबरची विश्वकर्मा जयंती राष्ट्रीय श्रमिक दिन म्हणून साजरी करतो, त्यामागची भावनाही हीच. आता त्या पाटावर मल्टिमीटर आणि रबरी हातमोजे येऊन बसले आहेत. ते हाताळणार कोण, हा आजचा प्रश्न आहे.

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे टेल्को, बजाज यांच्यासह शेकडो लघुउद्योगांनी हा परिसर गजबजला. या कारखान्यांच्या सावलीत आणखी एक उद्योग वाढला. त्याची नोंद कोणत्याही अहवालात ठळकपणे होत नाही. तो म्हणजे रस्त्याकडेचे गॅरेज. मराठवाड्यातून, खानदेशातून आलेला मुलगा मिस्त्रीच्या हाताखाली राहिला, कार्ब्युरेटर खोलता-जोडता शिकला आणि त्यावर त्याने घर उभे केले. १९७२ मध्ये आलेल्या ‘चेतक’ने अशी कितीतरी घरे पोसली.

ती चेतक पुढे बंद झाली आणि जानेवारी २०२० मध्ये विजेवर चालणारी होऊन परतली. २०१९ पासून निगडीच्या आगारातून पीएमपीच्या विजेच्या बसगाड्या धावू लागल्या. महिंद्रच्या विजेच्या मोटारी चाकणमध्येच तयार होतात. गाड्या तर आल्या. त्यांच्या दुरुस्तीचे काय?

जुना मिस्त्री कानाने इंजिन ओळखतो, नाकाने पेट्रोलची गळती हुडकतो. विजेला ना आवाज, ना वास. एकदिश प्रवाहाचा दाब ६० व्होल्टच्या वर गेला की तो धोकादायक मानला जातो; मोटारीत तो कित्येक शे व्होल्ट असतो. म्हणून नारिंगी तारांना हात लावण्यापूर्वी मुख्य जोडणी तोडावी लागते, साठलेला विद्युतभार ओसरेपर्यंत काही मिनिटे थांबावे लागते आणि दाब शून्यावर आल्याची मापकाने खात्री करावी लागते. ही घाईची विद्या नव्हे. यात शिस्त हेच पहिले कौशल्य आहे.

मार्च २०२२ मध्ये पुण्यात भररस्त्यात विजेच्या स्कूटरने पेट घेतला. देशात अन्यत्रही अशा घटना घडल्या आणि त्याच वर्षी बॅटरी-सुरक्षेची मानके कडक करण्यात आली. परंतु मानके कारखान्याच्या फाटकापर्यंतच पहारा देतात. हमीची मुदत संपलेली गाडी गल्लीतल्या गॅरेजमध्ये येते, तेव्हा तिथल्या माणसाचे शिक्षण हाच एकमेव पहारेकरी असतो.

कंपन्यांची सेवा केंद्रे आहेत, असे उत्तर काही जण देतात. मग गॅरेजवाल्याने कुठे जायचे? विजेच्या गाडीत तेल बदलणे नाही, क्लच नाही, प्लग नाही. त्याचे निम्मे काम असेच नाहीसे होते. ब्रेक, टायर, सस्पेन्शन एवढ्यावर त्याचा संसार चालणार नाही. त्याला नव्या विद्येत सामावून घेतले नाही, तर उद्योगनगरीच्या समृद्धीत त्याच नगरीचा एक कष्टकरी वर्ग उपाशी राहील.

शासनाने विजेच्या वाहनांचा तंत्रज्ञ घडविणारा अभ्यासक्रम आयटीआयमध्ये आणला, हे योग्यच झाले. पण अभ्यासक्रम कागदावर आल्याने कला हातात उतरत नाही. त्यासाठी उघडता येईल अशी बॅटरी, प्रत्यक्ष मोटर आणि शिकविणारा अनुभवी निदेशक लागतो. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा कारखान्याचे दार उघडून देतो. त्या दारातून मुलांना आत नेणारे हात समाजातून आले पाहिजेत.

चिंचवडमध्येच याचा एक वस्तुपाठ आहे. पद्मश्री गिरीश प्रभुणे यांच्या पुनरुत्थान समरसता गुरुकुलमने भटक्या-विमुक्तांच्या मुलांना शाळेबरोबर कारागिरीही दिली. हातातली विद्या हीन नाही, हा संस्कार तिथे पुस्तकाइतकाच महत्त्वाचा मानला जातो.

मध्यमवर्गीय घरांत मात्र आयटीआयचे नाव काढले की कपाळाला आठ्या पडतात. मुलगा अभियंता झाला तर पेढे, तंत्रज्ञ झाला तर मौन. बॅटरीतील घट आजही बहुतांशी चीनमधून येतात याबद्दल ज्या घरात संताप व्यक्त होतो, त्याच घरात ही अनास्था असावी, हे विसंगत आहे. स्वदेशी केवळ खरेदीत नसते. ती देशातील हातांच्या कौशल्यातही असते.

या पट्ट्यात निवृत्त अभियंते आणि कुशल कामगार मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्यातील एकेकाने रविवारचे दोन तास आपल्या वस्तीतील एका गॅरेजला द्यावेत. प्रथम सुरक्षा, मग मापन, मग दुरुस्ती, या क्रमाने शिकवावे. पुढच्या खंडेनवमीला त्या गॅरेजात जुन्या पान्याशेजारी मल्टिमीटरचीही पूजा व्हावी आणि तो वापरता येणारा माणूस त्या पूजेला बसलेला असावा.