बंद होण्यास लागणारा वेळ

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कार्यान्वित झाली. यंत्र थांबविणे हेही एक कामच असते, ही गोष्ट त्या गावात कोणास समजावून सांगावी लागत नाही. दुरुस्तीसाठी झोतभट्टी थांबवावयाची तर आधी आतला लोहरस आणि मळी बाहेर काढावी लागते, वाऱ्याचा झोत टप्प्याटप्प्याने उतरवावा लागतो, आणि मगच झोताच्या तोट्या बंद करता येतात. हे न करता भट्टी थांबली तर रस आतच थिजतो, आणि मग ती पुन्हा चालती करणे हे मोठे कर्मकठीण काम होऊन बसते.

याच कारखान्याच्या वसाहतीत रुआबांधा नावाचा भाग आहे. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी छत्तीसगड आणि विदर्भ एकाच राज्यात होते व त्या राज्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे नागपूर-भंडाऱ्याकडून नोकरीसाठी तिकडे जाणाऱ्या मराठी माणसास तो मुलूख अगदीच परका नव्हता. अशाच एखाद्या घरात, उभा जन्म भट्टीपाशी काढून आता निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, अशी कल्पना करावी. त्यांच्याजवळ दहा-बारा वर्षे वापरलेला एक संगणक आहे. त्यात भविष्यनिर्वाह निधीचे कागद आहेत, मुलीच्या लग्नाची छायाचित्रे आहेत आणि मंडळाच्या गणेशोत्सवाचा जमाखर्चही आहे. रात्री काम आटोपून संगणक बंद करावयास जावे, तर पडद्यावर एक वर्तुळ फिरू लागते आणि फिरतच राहते. एक मिनिट होते, दोन होतात, चार होतात. भट्टी निवण्यासाठी सबंध पाळी शांतपणे थांबणारे हे गृहस्थ येथे मात्र चौथ्या मिनिटास कळ दाबून धरतात, यंत्राचा गळा आवळतात आणि झोपी जातात.

त्या चार मिनिटांत यंत्र काय करीत असते, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे. संगणकाला लिहिण्याच्या दोन जागा असतात. एक पाटी आणि एक वही. पाटी म्हणजे त्याची चालू स्मृती, जिला रॅम म्हणतात. ती अतिशय चपळ असते, पण वीज गेली की कोरी होते. वही म्हणजे हार्ड डिस्क. ती संथ असते, पण लिहिलेले जपून ठेवते. दिवसभराचे बरेचसे काम पाटीवर होते आणि सवडीने वहीत उतरविले जाते. बंद होण्याची आज्ञा मिळताच यंत्राला उरलेसुरले सारे वहीत उतरवावे लागते, प्रत्येक कार्यक्रमाला 'आवरा' असा निरोप द्यावा लागतो आणि त्याचे उत्तर येईपर्यंत थांबावे लागते.

पूर्वी असे नव्हते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक नावाचा संगणक चालू झाला. त्याची स्मृती लोहचुंबकी कड्यांची होती. वीज तोडली तरी त्या कड्यांतील चुंबकत्व जागच्या जागी राही. पुढे घरगुती संगणक आले, त्यांवर डॉस ही प्रणाली चाले, आणि काम संपले की सरळ बटण खाली करीत. लिखाण थोडा वेळ पाटीवरच रोखून ठेवून मग वहीत उतरविण्याची युक्ती जेव्हा तेथेही आली, तेव्हा घाईने बटण दाबणाऱ्यांची लिखाणे हरवू लागली. १९९५ च्या विंडोजमध्ये आवराआवर झाली की पडद्यावर 'आता यंत्र बंद करण्यास हरकत नाही' अशा आशयाची नारिंगी अक्षरे येत आणि मग माणूस उठून बटण दाबी. त्याच वर्षी निघालेल्या नव्या धर्तीच्या विद्युत्पुरवठ्याने ते शेवटचे बटणही यंत्राच्याच हाती दिले. तेव्हापासून माणसाचे काम फक्त वाट पाहण्याचे राहिले, आणि या कामात माणूस फारसा कुशल नाही.

उशिराचे पहिले कारण पाटी अपुरी असणे हे होय. जुन्या यंत्रात रॅम बेताची असते. चार कार्यक्रम एकदम उघडले की ज्याचे काम तूर्त नाही त्याचा पसारा डिस्कवर सरकवून ठेवला जातो. रात्री 'आवरा' हा निरोप गेला की प्रत्येकाला आपला पसारा आधी डिस्कवरून परत पाटीवर आणावा लागतो, तो तपासावा लागतो आणि मग तो टाकून द्यावा लागतो. उत्तरपत्रिका देऊन झाल्यावर कच्च्या कामाचे कागद सुवाच्य अक्षरात उतरवीत बसावे, तसलाच हा प्रकार. पण सगळेच कार्यक्रम शहाण्या माणसांनी लिहिलेले नसतात. ज्यांना संगणक बंद करण्यापूर्वी स्वतःच्या हाताने एकेक कार्यक्रम मिटविण्याची सवय आहे, त्यांचा वेळ येथेच पुष्कळसा वाचतो, आणि कोणता कार्यक्रम मिटताना अडतो तेही डोळ्यांना दिसते.

दुसरे कारण मोठे मासलेवाईक आहे. विंडोजमध्ये एक सुरक्षेची योजना असते: डिस्कवर सरकविलेल्या त्या पसाऱ्याची जागा बंद होताना शून्यांनी भरून पुसून टाकावी, म्हणजे गुप्त मजकूर कोणाच्या हाती लागू नये. ही योजना मुळात बंद असते. ज्या कचेरीत गोपनीय कागद असतात तेथे ती चालू करतात आणि ते योग्यच आहे. पण कचेरीतील जुने यंत्र लिलावात निघून कोणाच्या घरी गेले आणि जुनीच मांडणी कायम राहिली, तर तो नियमही यंत्राबरोबर घरी जातो. पुसावयाची जागा ४ गिगाबाइट आणि डिस्कचा वेग सेकंदाला ५० मेगाबाइट धरला, तर केवळ या पुसण्यास सुमारे ८० सेकंद लागतात. गणेशोत्सवाच्या जमाखर्चात एवढे गुपित सहसा नसते. हुकूम काढणारा निघून जातो, हुकूम मात्र राहतो. सरकारी कामकाजाशी परिचय असणाऱ्यांना याचे नवल वाटणार नाही.

आणखी एक कारण विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून आलेले आहे. यंत्र सकाळी लवकर सुरू व्हावे म्हणून रात्री ते पूर्ण बंद होतच नाही. आपल्या गाभ्याचे चित्र डिस्कवर लिहून ठेवते आणि सकाळी ते वाचून उठते. याला 'फास्ट स्टार्टअप' असे नाव आहे. संथ डिस्कवर हे लिहिणेच लांबते, म्हणजे सकाळी वाचविलेला वेळ रात्री भरून द्यावा लागतो. शिवाय यामुळे एक विपरीत गोष्ट घडते: 'रीस्टार्ट' केले म्हणजे यंत्र खरोखर पूर्ण बंद होऊन पुन्हा उठते, आणि 'शट डाउन' केले म्हणजे अर्धवट निजते. म्हणून दोन्ही करून पाहावे. रीस्टार्ट करताना यंत्र झटपट मिटत असेल आणि शट डाउन रेंगाळत असेल, तर ही सोय काही दिवस बंद ठेवून पाहण्यासारखी आहे.

कारणे अशी अनेक असल्यामुळे अंदाजाने औषध देण्यात अर्थ नाही. रुआबांध्यातील त्या गृहस्थांनी भट्टीपाशी जी पद्धत वापरली असेल तीच येथे वापरावी. प्रथम घड्याळ लावून तीन-चार रात्री वेळ लिहून ठेवावी. हा उशीर केव्हापासून होऊ लागला आणि त्याच्या आगेमागे यंत्रात नवीन काय आले, हे आठवावे. बहुधा तेवढ्यातच एखादा छपाईयंत्राचा चालक-कार्यक्रम किंवा दुसरे विषाणुरोधक सापडते. एका यंत्रात दोन विषाणुरोधके म्हणजे एका दाराला दोन पहारेकरी, आणि दोघांचाही एकमेकांवर संशय! नंतर उशीर कोणत्या टप्प्यावर होतो ते पाहावे. केवळ 'साइन आउट' करण्यासच वेळ लागत असेल तर दोष माणसाने उघडलेल्या कार्यक्रमांत आहे. ते चटकन होऊन पुढे रेंगाळत असेल तर पडद्यामागे चालणाऱ्या सेवांकडे पाहावे. पडदा काळा झाला, पण दिवा आणि पंखा चालूच राहिला, तर एखाद्या उपकरणाच्या चालक-कार्यक्रमाकडे किंवा यंत्राच्या मूळ मांडणीकडे संशयाचे बोट जाते. 'सेफ मोड'मध्ये, म्हणजे मोजक्याच साहित्यानिशी, यंत्र सुरू करून बंद करावे. तेथे ते चटकन बंद झाले तर मूळ प्रणाली निर्दोष आहे आणि अपराधी नंतर आलेल्या पाहुण्यांपैकी कोणीतरी आहे, असे समजावे. मग पाहुण्यांपैकी निम्मे बाजूस ठेवून पाहावे, पुन्हा निम्मे. पाच-सहा फेऱ्यांत गुन्हेगार एकटा उरतो.

यंत्र स्वतःही रोजनिशी ठेवते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. विंडोजच्या 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये 'डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स' नावाची एक नोंदवही असते. तीत २०० क्रमांकाच्या नोंदीत बंद होण्यास किती वेळ लागला ते दिलेले असते, आणि त्यापुढील क्रमांकांच्या नोंदींत कोणी उशीर केला त्याचे नावही पुष्कळदा सापडते. सेकंदाचे हजार भाग करून आकडा लिहिलेला असतो. तो पाहून घाबरण्याचे कारण नाही.

या साऱ्यापेक्षा वेगळी अशी एक परिस्थिती आहे, आणि तिच्यासाठीच हे विवेचन मुख्यतः आहे. कालपर्यंत बरे चालणारे यंत्र आज एकाएकी रेंगाळू लागले, फाइली उघडण्यासही वेळ लागू लागला आणि डिस्कमधून टक्-टक् असा आवाज येऊ लागला, तर प्रश्न बंद होण्याच्या वेळेचा राहिलाच नाही. डिस्कच्या तबकडीवरील काही जागा निकामी होत आहेत, आणि तेथले अक्षर वाचण्यासाठी यंत्र पुनःपुन्हा प्रयत्न करीत आहे, असा त्याचा अर्थ असू शकतो. अशा वेळी कारण शोधीत बसू नये. आधी छायाचित्रे, कागद, हिशेब, सारे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावे. डिस्क दुरुस्त करणारा 'चेक डिस्क' हा कार्यक्रम नकलेपूर्वी चालविण्याचा मोह पुष्कळांना होतो. पण तो सबंध डिस्क पिंजून काढतो, आणि मरणोन्मुख डिस्कला तेवढे श्रम सोसत नाहीत. दुरुस्तीस मागाहून वेळ मिळतो. मुलीच्या लग्नाची छायाचित्रे मात्र दुसऱ्यांदा काढता येत नाहीत.

कळ दाबून धरण्याने काय होते, हेही येथेच सांगितले पाहिजे. आजच्या विंडोजची डिस्क-मांडणी आपल्या फेरफारांची एक आगाऊ टाचणवही ठेवते. त्यामुळे अवचित वीज गेली तरी कोणती फाइल कोठे आहे हा जमाखर्च बहुधा सावरला जातो. परंतु त्या फाइलीच्या पोटात शेवटी काय लिहिले जात होते, याची हमी ती वही देत नाही. डिस्कमध्येही एक छोटी पाटी असते, तिच्यावरचे पुसले जाते. वीज तुटताच फिरत्या तबकडीच्या उरलेल्या गतीतून वीज निर्माण करून वाचणारी सुई घाईने बाजूस घेण्याची सोय डिस्कमध्ये असते खरी, पण ती संकटकाळची सोय आहे. रोजच्या वापराची नव्हे.

पडद्यामागील सेवांची वाट किती वेळ पाहावी, याचा आकडा प्रणालीत लिहिलेला असतो. विंडोज एक्सपीमध्ये तो २० सेकंदांचा होता, विंडोज १० मध्ये ५ सेकंदांचा आहे. हा आकडा कमी करून टाकावा, असा सल्ला देणारे हितचिंतक गल्लोगल्ली भेटतात. यंत्र त्याने लवकर बंद होते, यात शंका नाही. पण हिशेब लिहिता लिहिता कारकुनाच्या हातून लेखणी ओढून घेतली तर कचेरीही लवकर बंद होते.

खर्च करण्याची तयारी असेल तर जुन्या संगणकास एकच गोष्ट विशेष गुण देते: फिरत्या तबकडीच्या जागी स्थिर स्मृतीची डिस्क, जिला एसएसडी म्हणतात, ती बसवावी. रॅम वाढविता आली तर उत्तमच. पंख्यातील धूळही काढावी. मे महिन्यात जेथे पारा चाळिशीच्या वर जातो तेथे धुळीने कोंडलेला प्रक्रियक तापून आपला वेग आपणच उतरवितो. विंडोज १० ला मिळणारे मोफत सुरक्षा-साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी नियमाप्रमाणे संपले, आणि अनेक जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. म्हणून काही जण त्यांवर लिनक्स घालतात. तेथेही हा प्रश्न पूर्वजन्मीचे नाते सांगत येतोच. एखादी सेवा आवरत नसेल तर लिनक्सच्या बहुतेक प्रचलित आवृत्त्या तिच्यासाठी मुळात ९० सेकंद थांबतात. मात्र ती कोणती सेवा आहे ते पडद्यावर स्वच्छ सांगतात.

सर्व तपासूनही दीड-दोन मिनिटे लागतच असतील, डिस्क निरोगी असेल आणि नकला काढून ठेवलेल्या असतील, तर ती दोन मिनिटे यंत्राला द्यावीत. आज्ञा देऊन खुशाल उठावे. भिंतीवरचे मुख्य बटण मात्र यंत्राचा दिवा विझेपर्यंत चालूच ठेवावे.